टोक नसलेली सुरी

नोल्बेर्तोनं सुरी दिली तेव्हा
शंभर पेसोंचं नाणं मागून घेतलं माझ्याकडून.
फुकट दिलेलं पातं मैत्री कापतं, म्हणाला,
आणि नाणं ओल्या बुटात टाकलं.
संध्याकाळपर्यंत ते नक्कीच हरवलं असणार.

डाव्या खांद्याखाली, लाइफ जॅकेटवर, मूठ खाली.
डाव्या हातानं काढ. आता उजव्या.
आता डोळे मिटून.
आता हात पाण्यात धर, शंभर मोज,
बोटं परक्या कुणाची झाली की मग काढ.
फुतालेउफूचं पाणी बर्फाच्या घरातून येतं.
साठालाच माझी बोटं परकी झाली.

घरी बाबांनी ती दिव्याखाली धरली.
एलेउतेरियो कारीमान, चाळीस वर्षं मेंढरं सोलणारा माणूस,
ज्याच्या कमरेची सुरी फक्त झोपताना उतरते.
टोक कुठंय हिचं?
नाहीये.
मोडलं?
नाही, घडवलीच तशी.
मग भावाला हाक मारली, शेजारच्या रोसेंदाबाईंनाही:
या, बघा, पोरीनं पैसे मोजून
बोळकं तोंड विकत आणलंय.

मी सांगितलं नाही
की फेसाखाली कळत नाही दोर कुठला, माणूस कुठला,
की टोक असलं तर ते आधी
ज्याला सोडवायचं त्याच्याच मांडीत शिरतं.
सांगितलं नाही, कारण रस्सा निवत होता
आणि बाबा फार दिवसांनी हसत होते.

तीन उन्हाळे तिनं चीज कापलं.
पाव, एकदा कुणाच्या पायाची पट्टी,
एकदा पालता, मऊ, बियांपर्यंत.
ते नोल्बेर्तोनं पाहिलं.
ओरडला नाही. नखावर धार लावून बघितली
आणि दिवसभर मला काठावर बसवलं,
पिशवीतून दोर फेकायला, गोळा करायला,
फेकायला.

मग जानेवारीत, 'न्हाव्याची खुर्ची' म्हणतात त्या उतारावर,
येर्को राफ्टमधून पडला.
दोर मीच फेकला. छान पडला, खांद्यावर,
पुस्तकात असतो तसा.
त्याच दोरानं आधी नऊ जण ओढून काढले होते,
मला नऊही जणांची नावं पाठ होती.
पण प्रवाहानं येर्कोला उलटं केलं
आणि एक वेढा, एकच, घोट्यावर बसला.
मी हातातलं टोक सोडून दिलं.
दोर पुढं जाऊन दोन दगडांच्या फटीत रुतला.
मी सोडलं होतं. त्यानं सोडलं नाही.

त्या दगडापर्यंत कशी गेले ते आठवत नाही.
आठवतं ते एवढंच:
ताणलेला दोर कापावा लागत नाही.
सुरी नुसती टेकवायची.
तो वाट पाहत असल्यासारखा तुटतो.

खाली दूर, संथ डोहात, येर्को वर आला,
हिरवं पाणी ओकला,
आणि पहिली गोष्ट विचारली ती
त्याचा डावा बूट कुणाला दिसला का.

रात्री नोल्बेर्तोनं उरलेल्या दोराचं टोक
लायटरवर वितळवलं. काळा मणी झाला.
सहा मीटर कमी, म्हणाला. बाकी काही नाही.

एप्रिलमध्ये घरी गेले तर
वासरांच्या फाटकाला नारिंगी दोर बांधलेला,
एक टोक साफ, जसं धारेनं सोडलं तसंच.
नदीनं आणून दिला, बाबा म्हणाले, चांगलाय, पीळ धरून आहे.
मी गाठीवर हात ठेवून उभी राहिले, जरा जास्तच वेळ.
बाबांनी दोराकडे बघितलं, मग माझ्या खांद्याकडे,
जिथं जॅकेट नव्हतं, तरी.

जेवणानंतर म्हणाले, आण ती इकडं.
दगडावर थुंकले, आणि बसले
त्या बोथट नाकाच्या सुरीला
सावकाश, दोन्ही बाजूंनी,
मेंढरांच्या सुरीला लावतात
तशी धार लावत.