खोटं दुखणं

ओउलूत, जानेवारीत, उजाडायच्या आत
मी कॉलेजात जाऊन आजारी पडते.
कागदगिरणीतून निवृत्त झाल्यापासून हेच काम:
छातीत, डावीकडे, कालपासून, जिना चढताना.
एवढंच पाठ.

एल्यास डॉक्टर होणार.
माझं वाक्य संपायच्या आत त्याला रोग सापडतो
आणि सापडल्याच्या आनंदाने त्याचे कान लाल होतात.

तूलिक्की नर्सिंगची. आधी खिडकी लावते,
मग खुर्ची ओढून विचारते, "घरी कोण असतं?"
संहितेत याचं उत्तर नाही.
मी म्हणते, मांजर.
मांजरही नाही.

फिजिओथेरपीचा वाल्तेरी मला आधी उभंच करतो,
जणू छातीतली कळ म्हणजे आळसाची मावसबहीण.

आणि फार्मसीचा यल्मारी.
मान वर नाही, डोळ्याला डोळा नाही,
गोळ्यांची नावं दोनदा विचारतो, तिसऱ्यांदा पुटपुटतो,
वहीत अक्षरं अशी की मुंग्यांनी लिहावीत.
परीक्षक त्याच्या नावापुढे दर वेळी लिहितात: संवाद कमी.

परवा सातव्यांदा कण्हून झालं.
सगळे कोट चढवत होते, हातमोजे शोधत होते,
कोणीतरी बस चुकणार म्हणून ओरडत होतं.
मी पिशवीतून माझी खरी डबी काढली,
एक गोळी पाण्याशिवायच गिळली.

"ही सकाळची असते,"
यल्मारी माझ्या बुटांना म्हणाला.
"आणि रविवारचा खण भरलेलाच आहे.
मागच्या आठवड्यातही होता."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी वाक्य विसरले.
रविवारी मला कुठे दुखत नाही, म्हणाले.

त्याने तेही लिहून घेतलं.