ओहोटीच्या वेळेत

कास्त्रो गावातली काही घरं
मागच्या अंगानं खाडीत उभी असतात, लाकडी पायांवर,
आणि पुढच्या दारानं साध्या रस्त्यावर उतरतात,
जणू पाण्याशी आपला काही संबंधच नाही.

अशाच एका घरात, चुलीशेजारी,
नेलिदा ओयार्सो उसनवारी मोजत बसली आहे.
लाकूड ओलं. धूर लॅपटॉपच्या पडद्यापर्यंत.
तिचा प्रोग्राम भरती-ओहोटीच्या वेळा काढतो,
फुकट; कुणीही न्यावा, कुणीही उघडून बघावा.
शिंपले काढणाऱ्या बाया नेतात, बोटवाले नेतात,
आणि कुणी एक पाद्री, का ते त्यानं कळवलेलं नाही.

एक्केचाळीस लायब्रऱ्या, सगळ्या परक्यांच्या.
आठ वर्षांपूर्वी घाईत आणलेल्या.
ही अक्षरांना रंग द्यायची.
रंग केव्हाच काढले, ही राहिली.
ही हिच्यासोबत आली; हिचं काम संपलं,
तरी ती अजून मुक्कामाला,
लग्नघरातल्या शेवटच्या पाहुण्यासारखी.
आणि ही आकड्याच्या आधी शून्य लावते.
एवढंच. पाच ओळी.
पण स्वतःबरोबर नऊ जणींना घेऊन राहते.

खोडते. चाचण्या चालवते. हिरवं.
खोडते. हिरवं.
कपातला चहा थरथरतो.

फरशीखाली एरास्मो बार्रिया आला आहे,
तिच्याच वेळापत्रकाचा कागद प्लास्टिकमध्ये घालून,
गुडघाभर चिखलात, हातोडा घेऊन.
एकेका खांबावर ठोकतो, कान लावतो.
समुद्री किड्यानं पोखरलेलं लाकूड
बाहेरून शहाण्यासारखं दिसतं.
"आधी नव्याला भार घेऊ दे," तो वर ओरडतो,
तिला नव्हे, पोराला,
"मग जुन्याला हात लाव."

बत्तिसावी लायब्ररी तारखांची.
लिहिणारा साबोल्च, हंगेरीतल्या पेच शहराचा.
शेवटचा बदल अकरा वर्षांपूर्वीचा.
त्याला धाडलेलं पत्र पत्ता न सापडून परत आलं.
सुरक्षेची दोन भोकं, बुजवायला कुणी नाही.
खोडली.

लाल.

एकच चाचणी. एप्रिलमधली ती रात्र,
जेव्हा देशभर घड्याळं तासभर मागं सरकतात
आणि अकरा ते बारा दोनदा वाजतात.
त्या जुळ्या तासात ओहोटी आली तर
कोणत्या अकराची?
तिला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.
कुणीतरी आठ वर्षं तो तिच्यासाठी सोडवत होतं,
न बोलता.

खोडलेलं पुन्हा उघडून ती शोधते.
एक ओळ. वर हंगेरियन शेरा,
ओळखीच्या एका बाईकडून उलगडून घेतलेला:
"हे का चालतं मला माहीत नाही. हात लावू नका."

ती हसते. मग हसणं थांबवते.
रात्र जाते त्यात. सहा ओळी, तिच्या स्वतःच्या,
का चालतात हे माहीत असलेल्या.
हिरवं. तेव्हा कुठे ती जुनं जाऊ देते.
हिशेब: अकरा हजार दोनशे ओळी वजा, सहा अधिक.
आभारांच्या फाईलीत साबोल्चचं नाव मात्र तसंच.
प्रोग्रामला त्याची गरज नाही.

सकाळच्या ओहोटीला एरास्मो पुन्हा खाली.
कोपऱ्यातला खांब उपसायला दोघं वाकतात
आणि तो नुसता हातात येतो,
बुंधा कधीचाच गळालेला,
वरचा तुकडा तुळईला खिळ्यांनी लोंबकळत.
"बघ," पोराला म्हणतो,
"आपल्याला वाटायचं हा घर धरून आहे.
घरच ह्याला धरून होतं."

नेलिदा वरून ऐकते.
यादीत अजून नऊ उरल्या आहेत.
त्यातली कोणती लोंबकळते आणि कोणती पेलते,
ठोकल्याशिवाय कळणार नाही.

चारच्या सुमाराला पाणी परत येतं,
कागदावर लिहिलेल्या वेळेहून तीन मिनिटं उशिरा.
वारा असेल.
ती तेवढं टिपून ठेवते.