पाठ बांबूची, पोट धामणीचं

बांबू अमावास्येला तोडलेला हवा, म्हणाला पांडू भोये,
चांदण्यातल्याला भुंगा लागतो.
हरसूलला एसटीच्या टपावर चढवला तेव्हा
कंडक्टरने त्याचं अर्धं तिकीट फाडलं,
कुणाचं पोर असावं तसं.

वर्षभर तो माळ्यावर वाळला.
मग उभा चिरला, आतला पांढरा मगज रंध्याने काढला.
वरच्या सालीला मात्र हात लावायचा नाही,
ताण तीच सोसते.
पेरांचे उंचवटे राहू द्यायचे, कानशीने थोडे मऊ करून.

पोटाला धामण.
धामण दाब खाते, कुरकुरत नाही.
आणि पाठ-पोटाच्या मध्ये
सागाची पातळ पट्टी, सातपूरच्या फाउंड्रीत
मी केलेल्या शेवटच्या पॅटर्नमधली.
पंपाचं कवच होतं ते. कधी ओतलंच गेलं नाही.
कंपनीने भंगारात काढलं, मी किलोवर घेतलं.
एकतीस वर्षांत तिथून घरी आणलेली ही एकच वस्तू,
तीही पावती करून.

तिघांना इपॉक्सी लावून
सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळलं, वेढ्यावर वेढा.
त्या रात्री नाशिकचा पारा सातवर.
डिंक धरेना.
कुमुदने शंभराचे दोन बल्ब लावले,
वरून गोधडी टाकली,
पहाटे दोनदा उठून हात लावून पाहिला.

पहिलं मोडलं होतं.
बावीस इंचांवर, फटाक्यासारखं,
एक तुकडा थेट ट्यूबलाइटवर.
आणि या गावात धनुष्य मोडलं की प्रश्न ठरलेला.
खैरनार गॅलरीतून ओरडले,
"अहो मिस्त्री, वधू कुठाय?"

त्यांना कसं सांगावं,
हे त्या घराण्यातलं नाही.
हे विलायतेतल्या नांगऱ्या-मेंढक्यांचं,
माणसाच्या उंचीचं, सरळ काठीसारखं;
दर रविवारी त्यांना सराव करावाच लागे,
राजाचा हुकूम होता.
"म्हणजे ओव्हरटाइम," खैरनार म्हणाले.

दुसऱ्याला घाई केली नाही.
भिंतीत खुंटी, जमिनीशी कप्पी, दोरीला ताणकाटा.
ओढायचं, बघायचं, सोडायचं.
जिथे वाकत नाही तिथलंच खरवडायचं,
फुटक्या काचेने, चिमटीत मावेल एवढं.
जिथे वाकतंय तिथे हात आखडायचा.
फाउंड्रीत मी उलटं शिकलो होतो:
लोखंड थंड होताना आकसतं,
म्हणून लाकूड थोडं मोठंच ठेव.
इथे जास्तीचं ठेवलं तर अडतं,
आणि काढलेलं परत चिकटत नाही.
हाताला हे कळायला
पॅटर्नशॉप विसरावं लागलं, निम्मं तरी.

पन्नास पौंडांचं करायचं होतं.
उजवा खांदा पस्तीसवर थांबला.
दोन रात्री पोटावरून पंधरा पौंड उतरवले.
कुमुद म्हणाली, स्वतःच्या पोटावरचे
कधी उतरवले नाहीत एवढे.

टोकांना म्हशीचं शिंग, खाचा पाडून.
मुठीला मेव्हण्याच्या जुन्या चपलेचं चामडं.

मखमलाबादच्या पुढे, त्याच मेव्हण्याच्या पडीत,
भुश्श्याने भरलेलं पोतं टेकवलं बांधाला.
दोरी गालापर्यंत आली.
पाठीतला बांबू, पोटातली धामण,
मधला तो न ओतलेला पंप,
सगळे एकाच वेळी वाकले
आणि कुणीच आवाज केला नाही.
मी श्वास घ्यायचा विसरलो.

बाण पोत्यावरून गेला.
बांधावरून गेला.
शेजारच्या द्राक्षबागेत शिरला.

अंधार पडेपर्यंत शोधला.
दोरी उतरवली, तर धनुष्य सरळ झालं,
पण पुरतं नाही,
बोटभर वाक पोटाकडे राहिला.
"बिघडलं का हो?" वेलींखालून खैरनार,
हातात मोबाईलचा उजेड.
नाही म्हटलं. राहतो तेवढा.
"बरं. आणि पीस कुठल्या रंगाचं होतं,
ते तरी सांगा."