दाराची पाळी

फ्रीजवर कागद चिकटवलाय, पेन्सिलीने लिहिलेला:
सहा ते नऊ खजूर हॉलमध्ये, राणू आत.
नऊला अदलाबदल.
दार लावणाऱ्याने मोठ्याने म्हणायचं, "लागलं."
दुसऱ्यानेही म्हणायचं, "लागलं."
तोवर कुणी दुसऱ्या कडीला हात लावायचा नाही.

जेल रोडच्या या तीन खोल्यांत
पन्नाशी उलटल्यावर लग्न करून राहायला लागलो, तेव्हा
सगळ्यांनी विचारलं, मुलांचं कसं?
मुलं आपापल्या गावी, रविवारच्या फोनवर.
कुत्र्यांचं कुणी विचारलं नाही.

माझी खजूर ओझरच्या स्टँडवर सापडलेली,
मिळेल ते आधी तोंडात, विचार नंतर.
त्यांची राणू, शैलाताईंनी बाटलीने दूध पाजून वाढवलेली.
त्या प्रेसमधून सुटून घरी यायच्या साडेपाचला;
त्या गेल्या त्याला चार वर्षं झाली,
राणू अजून साडेपाचला फाटकाकडे तोंड करून बसते.

महिनाभर बरं चाललं.
मग वेताच्या खुर्चीवरून झालं.
त्यांची खुर्ची. मी फक्त नवी उशी घातली होती.
खजूर चढून बसली, सहज,
ओझरला माझ्या खाटेवर बसायची तशी.

मी मध्ये हात घातला.
सात टाके.
वाल्मीकरावांनी बादली आणून ओतली
ती सगळी माझ्याच अंगावर.

डॉक्टर पगारे म्हणाले, हात नाही घालायचा, कधीच.
प्लायचा तुकडा दाराआड ठेवा, मध्ये सरकवा.
परात आपटा. ओरडू नका,
त्यांना वाटतं तुम्हीही उतरलात भांडणात.
आणि ताई, भांडण चाव्यापासून सुरू होत नसतं.
आधी तोंड मिटतं. धाप थांबते.
शेपटी ताठ, टोकच तेवढं हलतं.
नजर ठरते.
तेवढे दोन सेकंद तुमचे.

दोन सेकंद.
आता मला ते कुठेही दिसतात.
हे जुना अल्बम घेऊन बसतात, मी चहा आणते,
आणि पान उलटणारा हात थांबतो.
माझं तोंड मिटलेलं असतं.
मग मी आत जाते, पीठ चाळत बसते.
दोनदा चाळलेलं पीठ तिसऱ्यांदा.

नणंद म्हणाली, एक देऊन टाका ना मळ्यावर.
"कोणती?" हे म्हणाले.
पुढे त्या दिवशी कुणी बोललंच नाही.

द्राक्षांचे रिकामे क्रेट तारेने बांधून
यांनी स्वयंपाकघराच्या दाराला जाळी केली.
खुर्ची माझ्या सांगण्याआधीच गच्चीवर गेली,
उशीसकट.
हाडं बंद. ताटल्या दोन टोकांना.
दारावरची बेल काढली,
आता लोक कडी वाजवतात, किंवा परत जातात.

संध्याकाळी वालदेवीच्या काठाने,
रस्त्याच्या त्या कडेने हे आणि राणू,
या कडेने मी आणि खजूर. मध्ये तीस पावलं.
खिशात उकडलेल्या काळजाचे तुकडे:
पाहिलंस ना तिला? काही केलं नाहीस? घे.
लोकांना वाटायचं नवरा-बायकोत बिनसलंय.
विहितगावच्या पुलाजवळ एका म्हातारीने मला थांबवलं,
"बाई, बोलून टाक ना, किती दिवस असं चालशील."

दसऱ्याला बारा पावलं.
फटाके वाजले, पुन्हा पंचवीस.
संक्रांतीला आठ.
डॉक्टर म्हणाले, आठावर थांबलं तरी चालेल.
घराघरात एवढं असतंच.

काल जाळीला पाठ लावून दोघी झोपल्या होत्या,
एक इकडून, एक तिकडून.
क्रेटच्या भोकांतून खजूरचे तांबूस केस
राणूच्या बाजूला आलेले.
यांचा हात कडीकडे गेला.
"लागलंय," मी म्हटलं.
"लागलं," हे म्हणाले, आणि हात खाली घेतला.

मग साडेपाच वाजले.
राणू उठली, फाटकाकडे तोंड करून बसली.
खजूरही उठली, जाळीला नाक लावून
तिकडेच बघायला लागली,
कोण येतंय ते.

परात माझ्या मांडीवरच होती.