पंच कोण?

भाच्यानं नेलं. तिकीट त्याचं, समोसा माझा.
म्हणाला, "मामा, तुमच्याच लाइनीचं पिक्चर आहे,
आपल्या ग्वाल्हेरातच शूट झालंय, किल्ला दिसतो."
किल्ला दिसला.
सूर्य मावळला तो मात्र मुरारच्या बाजूला,
जिकडून चौऱ्याहत्तर वर्षं मी त्याला उगवताना बघतोय.
असो. सूर्याची फिर्याद कोण लिहून घेणार?

पहिला माणूस पडला पाचव्या मिनिटाला.
दुसरा त्याच्यावर.
तिसरा काच फोडून खाली, भाजीच्या गाड्यावर.
मी खिशातलं पेन काढलं
आणि समोशाच्या कागदावर रेघा मारू लागलो,
चार उभ्या, एक आडवी.
जनकगंज ठाण्यात एकतीस वर्षं मोहर्रिर होतो,
हात राहत नाही.
मध्यंतरापर्यंत सत्तावीस.
कागद तेलकट, पेन घसरत होतं.

आणि नायक चालतोय.
पाठीमागे पेट्रोलपंप पेटलाय, हा वळून बघत नाही.
जरा मोठ्यानंच बोलून गेलो, "अहो, पंचनामा?"
पुढच्या रांगेतली पोरं हसली.
हसा. एका प्रेताला साडेतीन तास लागतात, बाळांनो.
डोकं कुठल्या दिशेला, सदऱ्याला बटणं किती,
तुटलेल्या बटणाचा दोरा कुठल्या रंगाचा.
शिवाय पंच हवेत दोन, अब्रूदार.
आमची जीप दिसली की चहावाला स्टोव्ह विझवायचा,
शिंप्याला नेमकं देवाला जायचं असायचं.
उरायचे रातांधळे पोतनीस मास्तर.
ते म्हणायचे, "तुम्ही बघा आणि सांगा,
मी पाहिलं म्हणून सही करतो."

हल्के नावाचा एक होता.
नाका चंद्रवदनीजवळ, माघातल्या पहाटे.
नाव हल्के, उचलायला चौघं लागले.
खिशात डबऱ्याचं बसचं तिकीट, गजकची अर्धी पुडी
आणि वहीचं एक पान,
त्यावर पेन्सिलीनं काढलेलं पाऊल.
लहान पोराचं. बुटाच्या मापासाठी.
मी पट्टी लावली. सहा इंच, वर एक सूत.
दरोगाजी म्हणाले, "काट दो इसे, क्या काम का है."
मी नाही काटलं.
मारणारा सापडला नाही कधी.
तीन वर्षांनी फाईल बंद, सुतळीही मीच बांधली.
शेवट त्याही गोष्टीचा फसलाच,
मी कुठे नाही म्हणतो.

इथे शेवटाला नायकानं पिस्तूल नदीत फेकलं.
पुरावा! नदीत!
दिवे लागले. भाचा जिन्यापाशी स्कूटरची किल्ली फिरवत,
"मामा, चला ना, संपलं."
मी बसून राहिलो.
पडद्यावर बारीक अक्षरांत नावं सरकत होती,
केस कापणारे, चहा देणारे,
आणि अगदी तळाशी, मारामारी करणारे.
झाडूवाला पायांपाशी आला तरी मोजत राहिलो.
माझ्या कागदावर बेचाळीस.
नावं एकोणीस.

म्हणजे माणशी दोनदा तरी मेले असणार,
दोघा-चौघांना तिसऱ्यांदाही पडावं लागलं असेल.
कपडे बदलून, तेच बूट घालून.