डबल स्टँड

गाडी भावाची. मस्कतला जाताना
चावी माझ्या हातात ठेवून म्हणाला,
आठवड्यातून एकदा सुरू कर,
आणि साईड स्टँडवर नको हं सोडूस, टायर बसतो.
मी मान डोलावली.
गाडी एकशे नव्वद किलो.
मी अठ्ठेचाळीस, तेही डबा भरलेला असला तर.

पहिल्या रविवारी, त्रिमूर्ती चौकाच्या मागच्या गल्लीत,
सिडकोच्या त्या एकाला एक चिकटलेल्या घरांपुढे
मी जी काय झटापट केली
ती समोरच्या ओट्यावर तीन आजोबांनी मन लावून पाहिली.
जानेवारीचं ऊन, तिघांच्या कानटोप्या.
एक म्हणाला, खेच, खेच.
दुसरा म्हणाला, अगं दम धर.
तिसरा काही बोलला नाही, चहात खारी बुडवत बसला.
खारी तुटून कपात पडली,
गाडी जागची हलली नाही.

पवननगरच्या वळणावर तजम्मुलचाचांचं गॅरेज.
त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही,
कधीतरी घोटीच्या घाटात पडले होते, तेव्हापासून.
म्हणाले, ताई, उचलायची नसते ती.
मग?
चढायचं असतं. पायरी समजा.

न्यूट्रल बघा. हँडल सरळ.
डावा हात मुठीवर, उजवा सीटमागच्या कडीला.
आता उजव्या पायानं स्टँड खाली दाबा, दाबून ठेवा,
आणि गाडी जराशी हलवा, इकडे, तिकडे,
झोपेतलं मूल कुशीवर घेतो तेवढीच.
ऐका.
टक्. एक पाय टेकला.
थांबा, घाई नको, दुसरा राहिलाय.
एकाच पायावर जोर केलात
तर ती तुमच्या अंगावर येईल, आणि चूक तिची नसेल.
टक्.
हां. आता सगळ्या तुम्ही त्या पायावर उभ्या राहा.
हातांनी नुसती वाट दाखवायची.

मागच्या चाकाखाली त्यांनी एक फळी सरकवली होती,
द्राक्षाच्या खोक्याची, इंचभर जाड,
एका कडेला अजून निळ्या शाईत 'पिंपळगाव' वाचता येत होतं.
अर्धं काम ही करते, म्हणाले,
नाव आपलं होतं.

खरं सांगू, मला हे येत होतं.
अकरा वर्षं सिव्हिलच्या पुरुष वॉर्डात
मी नव्वद-शंभर किलोचे ट्रकवाले कुशीवर वळवतेय.
गुडघा दुमडून घ्यायचा, हात छातीवर,
खांदा नि कंबर धरायची
आणि आपण मागे रेलायचं, बस.
नव्या पोरींना मीच ओरडते,
उचलू नका गं, पाठ जाईल,
त्याचं वजन त्यालाच वळवू दे.
मग गल्लीत, भर उन्हात,
दात-ओठ खाऊन मी का ओढत होते त्या लोखंडाला?

शुक्रवारी त्याचा फोन येतो.
आधी विचारतो, गाडी कशी आहे.
मग आईचं डायलिसिस.
मग, वेळ उरला तर, मी.

त्यानंतरच्या रविवारी मी फळी आणली, चपला काढून बूट घातले.
टक्.
वाट पाहिली. कुकरची एक शिट्टी झाली कुणाकडे तरी.
टक्.
आणि उभी राहिले. नुसती उभी राहिले.
मी एक वीत खाली गेले, गाडी मागे सरकून वर बसली,
इतकी अलगद की मीच दचकले.
मागचं चाक अधांतरी. बोट लावलं तर फिरत राहिलं,
साखळीची बारीक किरकिर, सावलीत आऱ्यांची सावली.

ओट्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
दोघं एकमेकांकडे बघत होते.
तिसऱ्यानं कप खाली ठेवला, मिशी पुसली,
आणि महिन्याभरात पहिल्यांदा बोलला:
छान. आता खाली कशी काढणार?

मी चाक फिरवत राहिले.
ते चाचांना विचारायचं राहिलंच होतं.