ओढ्यापलीकडची कॉफी

गावाच्या टोकाला माझं दुकान.
मागे बुचाच्या झाडांची रांग, साल काढलेली, तांबडी,
मग ओढा,
ओढ्यापलीकडे पोर्तुगाल.

तेल्मो काल संध्याकाळी संगणक काखोटीला मारून आला,
दार न वाजवता, भाच्यांना असतो त्या हक्कानं.
मावशी, यावर तू तुझं ते लिनक्स टाकलंस.
आता खेळायचं काय?
बर्फावरून घसरणारा पेंग्विन?

तो पेंग्विन माझ्या पिढीचा.
शाळेत दोन मुलांत एक यंत्र होतं,
बाहेर चाळीस अंश ऊन, पंखा बंद,
आणि आम्ही पोटावर घसरत मासे गोळा करायचो.
दुसरा खेळ नव्हता.
असला तर त्याला आवाज यायचा, चित्र नाही;
चित्र आलं तर माणसांना डोकी नसायची.
तीन रात्री जागून मी एकदा एक गाडी चालू केली होती.
ती फक्त उलटी जायची.

आता तसं नाही, म्हटलं, बस.
बटण दाबलं. पट्टी सावकाश भरत होती,
तेवढ्यात मी कॉफी ठेवली.

हे चालतं कसं? त्यानं विचारलं.
आता याला काय सांगू.
खेळ दुसऱ्याच मुलखासाठी लिहिलेला असतो, म्हटलं.
तो हाक मारतो तिकडच्या बोलीत,
मधे कुणीतरी ती झेलतं, इकडच्या बोलीत फिरवतं,
उत्तर नेऊन देतं पुन्हा तिकडच्या बोलीत.
आपण परगावी आहोत हे खेळाला कळतही नाही.

तुझे पणजोबा अबुन्दियो
अमावस्येला पाठीवर तीस किलो कॉफी घेऊन ओढा ओलांडायचे.
तिकडच्या काठावर पोर्तुगीज बोलायचे,
इकडच्या काठावर स्पॅनिश.
मधल्या पाण्यात काहीच नाही.

पडद्यावर घोडा उभा राहिला.
मग पळाला. गवत वाकलं, धूळ उडाली,
कोपऱ्यातला आकडा साठावरून हलेना.
तेल्मोनं एक भुवई वर केली.
चौदाव्या वर्षी याहून मोठी दाद नसते.

मग त्यानं खरं काम काढलं.
वर्गातली चार मुलं रोज नऊला जो खेळ खेळतात, तो.
पाचवा हा.
आमच्या गावची लाइन म्हणजे मुंगीच्या पाठीवर साखरेचं पोतं,
साडेदहाला उतरून झाला.
नाव झळकलं. नगारे वाजले.
आणि एक छोटी राखाडी चौकट:
ही प्रणाली चालणार नाही.

काय बिघडलं?
काही नाही. दारात रखवालदार आहे.
त्याला घराच्या पायात बसून पाहारा द्यायचा असतो,
माझ्या घराच्या पायात मी कुणाला बसू देत नाही,
आणि दिलं असतं तरी तो आला नसता.
मी काय चोर आहे?
नाहीस रे. पण जे त्याला वाचता येत नाही
ते त्याला चोरीचंच वाटतं.

अबुन्दियो एकदा सापडले होते.
शिपायांनी पोतं फाडून ओढ्यात ओतलं,
आठवडाभर पाण्याला कॉफीचा वास येत होता म्हणे.
थाप असणार. पण मी दरवेळी वाकून वास घेते.

जुनी प्रणाली अर्ध्या डिस्कवर परत टाकता येईल.
अर्ध्या तासाचं काम. शनिवारी टाकीनही.
पोराच्या नऊ वाजण्याशी
मी माझी तत्त्वं झुंजवत नाही.
हे त्याला सांगितलं नाही अजून.

त्यानं फोनवर काहीतरी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं.
चौघांपैकी एकानं अंगठा पाठवला.
मग तो खिडकीशी जाऊन उभा राहिला,
गार झालेली कॉफी घेऊन, तोंड वाकडं करत.

पडद्यावर घोडा तसाच होता,
पाठीवर कुणी नाही,
शेपटी हलवत,
सेकंदाला साठ वेळा नवा,
एकदाही न अडखळता.